खाणीचा रस्ता उघडा आहे

शनिवार, ८ मार्च

साइट सकाळी जी बसली ती जेवणं आटोपली तरी उठली नाही.

पलीकडच्या डोंगराला वणवा लागलाय. नणंदबाई उजाडताच कॅमेरा घेऊन गेली आणि धुराचा असा काही व्हिडिओ घेऊन आली की मीच तो तीनदा पाहिला. साइटवर टाकला आणि तासाभरात सगळं खोरं आमच्या दारात. खोऱ्याबाहेर नोकऱ्यांना गेलेली प्रत्येकाची पोरं, सुना, जावई, तेही सगळे. आणि आमचं दार ते केवढं? दूरच्या शहरात भाड्यानं घेतलेला एक सर्व्हर. एरवी त्याला काम काय, तर पाणी कधी सुटणार, कोणाची गाय हरवली, शाळेचा निकाल केव्हा. बिचाऱ्यानं हात टेकले.

मी या साइटची तांत्रिक प्रमुख. हे पद मीच मला दिलं. आधी छापखान्यात पानं लावायचे. छापखाना बंद पडला, नणंदबाईच्या वर्तमानपत्रानं माणसं कमी केली, आणि तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, जहाजावर. दोघी घरात बसून भांडण्यापेक्षा टायरच्या दुकानावरची खोली घेतली आणि खोऱ्याच्या बातम्या द्यायला लागलो. दोन वर्षं झाली. भांडतो अजूनही, पण कामावरून.

आज लोकांना सर्वांत जास्त गरज होती तेव्हाच आम्ही दार लावून बसलो. नणंदबाई मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

रविवार, ९ मार्च

मामेभावाला फोन केला. घरात त्याला सगळे पोपट म्हणतात, कारण तोंडाला खीळ नाही. पण क्लाउडच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे.

"ताई, अगं सगळा गाव एका नळावर पाणी भरतोय," म्हणाला. "फुटेल नाही तर काय? सीडीएन लाव."

मग समजावून सांगितलं. या कंपन्यांचे सर्व्हर ठिकठिकाणच्या शहरांत असतात. आपलं पान एकदा कोणीतरी मागितलं की त्याची प्रत त्या त्या ठिकाणी ठेवून घेतात. पुढच्या माणसाला ती जवळची प्रत मिळते. आपल्या सर्व्हरपर्यंत कोणी येतच नाही. व्हिडिओचे सुद्धा छोटे छोटे तुकडे करून ठेवतात, म्हणून अडकत नाही. प्रत किती वेळ ठेवायची ते मात्र आपण सांगायचं. मुदत संपली की ते पुन्हा आपल्याकडून ताजी घेऊन जातात.

"फोटो-व्हिडिओला मोठी मुदत दे, आठवडाभर दिलीस तरी चालेल. बातमीच्या पानांना अगदी छोटी. एखादं मिनिट. विसरू नकोस."

संध्याकाळपर्यंत लावून झालं. माझा मलाच विश्वास बसेना.

सोमवार, १० मार्च

काय सांगू! आधी पान उघडायला इतका वेळ लागायचा की माणूस पाणी पिऊन यायचा. आता बोट उचलायच्या आत हजर. नवऱ्यानं जहाजावरून कळवलं, व्हिडिओ न थांबता दिसतोय. समुद्रात!

आईला फोन करून सगळं सांगितलं. ती वरच्या वस्तीत एकटी असते. सगळा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला, त्यामुळे असलं काही सांगितलं की तिला आवडतं. म्हटलं, या साठवलेल्या प्रतींना कॅश म्हणतात. लगेच म्हणाली, "घरात कॅश ठेवू नकोस गं, दिवस वाईट आहेत." हसून हसून पुरेवाट. मग मला म्हणते, "म्हणजे तुझं पान आता माझ्याजवळच असतं म्हण की." हो, म्हटलं, अगदी उशाशी.

आग अजून पलीकडेच आहे. तरी तिला म्हटलं, पिशवी भरून ठेव. म्हणाली, "सुतारकाका आहेत ना." सुतारकाका म्हणजे तिचे शेजारी. ते, काकू आणि त्यांची मालवाहू गाडी.

आज एक नवं पान सुरू केलं: कोणता रस्ता उघडा, कोणता बंद, निवारा कुठे, जागा किती. नियंत्रण कक्षातून नणंदबाईला खबर येते, ती मला सांगते, मी लिहिते. छापखान्यात एक चूक निसटली की दुसऱ्या दिवसापर्यंत तोंड लपवावं लागायचं. इथे मनात आलं की दुरुस्त. हे मला फार आवडतं.

बुधवार, १२ मार्च

वारा बदलला. आग डोंगराच्या माथ्यावर आलीय, अलीकडे उतरेल असं म्हणतात. वाचक इतके वाढले की सर्व्हर पुन्हा धापा टाकायला लागला. दर मिनिटाला सगळीकडून ताजं पान न्यायला येतात, आणि त्यात नणंदबाईचे ढीगभर फोटो. पोपटाला फोन लावला तर तो कसल्याशा बैठकीत.

शेवटी मीच डोकं लढवलं. फोटो आणि पानं, सगळ्यांना मिळून एकच मुदत दिली, सहा तास. वेगळे नियम निवांत झाल्यावर लिहीन. सर्व्हरचा ताण दाखवणारी रेघ सरळ जमिनीला टेकली. आधी भीती वाटली की बदल दिसतील का. पण कॉलेजातला निवारा भरला म्हणून मी पानावर शाळेचं नाव लिहिलं, ते माझ्या स्क्रीनवर तत्क्षणी दिसलं. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

एक गृहस्थ मात्र फोनवर तोंडाला येईल ते बोलले. पानावर कॉलेजात जागा आहे असं वाचून आजारी वडिलांना घेऊन गेले, तर तिथे फाटकावरूनच परत पाठवलं. मी समोर पान उघडून बसले होते. त्यावर स्वच्छ लिहिलेलं, कॉलेज भरलं, शाळेत जा. त्यांना तसं सांगितलं. म्हणाले, "मी आंधळा आहे का?" लोक घाबरले की वाचत नाहीत, नुसते बघतात.

खाली टायरवालेही म्हणाले, "ताई, कालचाच फोटो दिसतोय अजून." त्यांचा फोन म्हणजे पुराणवस्तू. म्हटलं, बदला आता.

गुरुवार, १३ मार्च, सकाळ

आग अलीकडे उतरली. वरच्या वस्तीला खाली यायला दोन रस्ते. एक खाणीवरून, जवळचा. दुसरा नदीकडून, लांबचा. सकाळी दोन्ही उघडे होते, तसं लिहिलं. आता नणंदबाईचा फोन, खाणीचा रस्ता बंद केला, खालच्या तोंडाशी अडथळे लावलेत. लगेच पान बदललं. लाल अक्षरांत. माझ्या समोर लखलखीत दिसतंय.

दुपार

वस्ती रिकामी करा असा निरोप आलाय. फोन नुसते खणखणताहेत. त्यातच आईचा.

"निघतोय गं आम्ही. सुतारकाकांनी गाडी काढलीय. तुझ्या पानावर सगळं नीट लिहिलंय, तेच बघत होते."

"मग झालं तर. पानावर आहे तसंच करा. मध्येच कोणाचं ऐकून रस्ता बदलू नका."

"नक्की ना?"

"आई, नक्की. ठेवू का? दुसरा फोन वाजतोय."

ती निघाली हे बरं झालं. एक ओझं उतरलं. नदीच्या रस्त्यानं तास-सव्वा तासात पोचेल.

त्यानंतर

लिहायला बसलेय. काही केल्याशिवाय बसवत नाही आणि करण्यासारखं काही उरलं नाही.

नणंदबाईचा फोन आला. नाक्यावर उभी होती, तिथल्या हवालदाराशी तिची हुज्जत चाललेली. तो म्हणाला, तुमच्याच साइटनं घोळ घातलाय. ती म्हणाली, आमच्या वहिनीनं सकाळीच बंद म्हणून लिहिलंय. त्यानं स्वतःचा फोन तिच्या तोंडासमोर धरला. खाणीचा रस्ता: उघडा.

"वहिनी, माझ्या फोनवर बंद आहे. त्याच्या फोनवर उघडा आहे. एकाच वेळी. हे काय आहे?"

मी धावत खाली गेले, टायरवाल्यांच्या हातातून फोन घेतला आणि पान उघडलं. उघडा आहे. हिरव्या अक्षरांत.

पोपट पहिल्या घंटीला सापडला. मी काय बोलले ते आठवत नाही. तो एरवी बडबड्या, आज एकेक शब्द मोजून बोलत होता.

"मुदत किती दिलीस?"

"सहा तास."

"पानांना पण?"

मी नियमांचं पान उघडलं. सगळ्यांना एकच आकडा.

"ताई, तू साइटवर लॉगिन केलेलं असतंस. लॉगिन केलेल्याला प्रत दाखवत नाहीत, थेट मूळ पान दाखवतात. तू आणि तुझी नणंद, तुम्ही दोघीच खरं पान बघत होतात."

मी म्हटलं, सगळं पुसून टाकते, आत्ता. सगळ्या प्रती पुसायचं बटण मला दिसत होतं. तो ओरडलाच. "सगळं नको! सगळ्या शहरांतून एकदम फोटो मागायला तुझ्या एका सर्व्हरवर तुटून पडतील. तो बसला तर कोणाला काहीच दिसणार नाही. फक्त रस्त्यांचं पान पूस. आधी त्यातले फोटो काढ."

फोटो काढले. पानाचा पत्ता लिहिला, एकदा चुकला, पुन्हा लिहिला. बटण दाबलं. खाली टायरवाल्यांना म्हटलं, उघडा. उघडलं. बंद आहे, लाल. आणखी दोन गिऱ्हाइकांच्या फोनवर पाहिलं. बंद. सर्व्हर हलला, पण तगला.

किती सोपं होतं.

आईचा फोन लागत नाही. टॉवर गेला म्हणतात. सुतारकाकांचाही लागत नाही. नणंदबाई नदीच्या रस्त्यावर जाऊन बसलीय. तिकडून गाड्या येताहेत. त्यांची नाही.

मीच तिला सांगितलं, पानावर आहे तसंच करा.

शुक्रवार, १४ मार्च

आहेत. तिघंही आहेत.

काल दिवस मावळायच्या सुमारास आग विझवणाऱ्यांना सापडले, दगडाच्या खाणीत. हे सगळं मला काकूंनी सांगितलं. वळणावर धूर इतका दाटला की पुढचं दिसेना, मागे झाड पेटून आडवं पडलं. सुतारकाकांच्या लक्षात आलं की खाणीत नुसता दगड आहे, जळायला काही नाही. गाडी तिकडे वळवली. फाटकाला साखळी होती. लोखंड तापून लाल व्हायचं बाकी होतं. काकांनी ती दोन्ही हातांनी ओढून काढली. आत जाऊन तिघं गाडीखाली पडून राहिली, ओल्या चादरी अंगावर घेऊन. आग वरून गेली.

आईला खोकला आहे, भुवया जळल्यात, बाकी धड आहे. काकूंनाही फारसं नाही. काकांचे दोन्ही तळहात भाजून गेलेत. डॉक्टर म्हणाले डावा भरून येईल, उजव्या हाताचं आत्ताच सांगता येत नाही. सुतार माणसाचा उजवा हात.

वारा फिरला आणि वस्ती वाचली. एकही घर जळलं नाही. बसून राहिले असते तरी चाललं असतं.

आईला घरी आणलं. माझ्या खोलीत झोपवलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

रविवार, १६ मार्च

पानांची मुदत कमी केली, नियम वेगळे केले. अर्ध्या तासाचं काम. बुधवारी हा अर्धा तास मला सापडला नव्हता.

पोपट म्हणतो, यंत्रणेनं तिला सांगितलं तेच केलं. माहीत आहे. तिच्यावर राग नाही. त्याच तीन दिवसांत तिनं हजारो माणसांपर्यंत बातमी पोचवली, हेही खरं. जुनी बातमीसुद्धा तितक्याच वेगानं पोचवली.

आज साइटवर निवेदन लिहायला बसले. नणंदबाई मागून वाचत होती.

"वहिनी, 'तांत्रिक अडचणीमुळे' एवढं पुरे आहे. सगळे तसंच लिहितात."

"अडचण कुठे होती? मी होते."

"तुला काय वाटतं, मला कळत नाही? पण लोक साइट बघायची सोडतील. मग पुढच्या वेळी कुठे बघणार? फोनवर फिरणाऱ्या त्या रेड्यासारख्या ओरडणाऱ्या अफवांवर विश्वास ठेवणार?"

तिचं अगदीच चूक नाही. वाद वाढला. ती म्हणाली, तुला माफी मागून मोकळं व्हायचंय, साइट गेली खड्ड्यात. मी म्हटलं, हवालदारासमोर तू माझ्या बाजूनं भांडलीस, ते मला आयुष्यभर टोचणार आहे. त्यावर ती खुर्चीत बसली आणि रडायला लागली. मी तिला इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. मग उठून म्हणाली, "लिही. पण 'मी' नको, 'आम्ही' लिही. माझीही साइट आहे."

लिहिलं. गुरुवारी सकाळपासून दुपारपर्यंत आम्ही बंद रस्ता उघडा दाखवला. कारण काय ते सोप्या शब्दांत. त्यामुळे तीन माणसं आगीत सापडली आणि एक गंभीर भाजलं आहे.

बुधवार, १९ मार्च

शिव्या आल्या. काही बऱ्या, काही भयंकर. कॉलेजच्या फाटकावरून परत गेलेल्या गृहस्थांना मीच फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "वडील बरे आहेत," एवढं म्हणून ठेवला.

आता काही बदललं की लॉगिन नसलेल्या फोनवर बघते, आणि टायरवाल्यांना वाचायला लावते. मी "बदला" म्हटलेला तोच फोन. ते मोठ्यानं वाचतात, गिऱ्हाइकं ऐकतात.

आई माझ्याशी बोलत नाही. विचारलं तर हो-नाही. सकाळी उठते, आवरते आणि दवाखान्यात जाते ती संध्याकाळी येते. ताट समोर ठेवलं तर खाली मान घालून जेवते. रागावलीय. रागवायलाच हवं. एरवी माझ्यावर चिडली की भांडी आपटायची, आता तेही नाही.

शनिवार, २२ मार्च

आईला घरी आणलं त्यानंतर पुन्हा दवाखान्यात जायचा धीर होत नव्हता. काल मात्र खाणीच्या रस्त्यानं एकटीच वर गेले. रस्ता उघडल्याची खबर नियंत्रण कक्षातून आली होती, पण पानावर लिहायच्या आधी बघून यावंसं वाटलं. दोन्ही बाजू काळ्या. फाटक उघडंच पडलंय. तिथे थांबले नाही, थांबवलं नाही.

आज गेले. काकू दारातच भेटल्या. आत आई खाटेपाशी बसली होती, वाटीतलं मऊ अन्न चमच्यानं काकांना भरवत होती. मी पुढे व्हायला लागले तर काकूंनी दंडाला धरून बाजूला घेतलं.

"तुझ्या आईशी जरा बोल गं."

"तीच बोलत नाही, काकू. माझं तोंड बघायची इच्छा नाही तिला."

काकूंनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं.

"अगं, तुझ्यावर कशाला रागवेल? आमच्या ह्यांना धूर दिसत होता. ते म्हणत होते, नदीकडून जाऊ, लांब पडलं तरी चालेल. तुझी आई अडून बसली. म्हणाली, आत्ताच बोललेय मी, माझ्या मुलीचं पान आहे, ती चुकीचं लिहायची नाही. मग हे काय बोलणार? वळवली गाडी." काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "रोज येते, भरवते, पण ह्यांच्या तोंडाकडे बघत नाही. आम्ही दोघं काही म्हणालेलो नाही तिला. देवाशप्पथ."

मला बराच वेळ आत जाता आलं नाही.

गेले तेव्हा काकांनीच हाक मारली. दोन्ही हात पट्ट्यांत, उशीवर ठेवलेले, दुसऱ्याच कोणाचे असावेत तसे. मी काय बोलायचं ते ठरवून गेले होते. त्यातला एक शब्द आठवला नाही. म्हटलं, "काका, पान चुकलं माझं."

"वाचलं. काकूनं वाचून दाखवलं," ते म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत राहिले. माफ केलं म्हणाले नाहीत, आणि मीही मागितलं नाही.

मग आईकडे वळले. "आई, तू मला विचारलं होतंस, नक्की ना. मी म्हटलं नक्की. तू काय करणार होतीस?"

आईनं वाटीतलं उरलेलं अन्न गोळा केलं, चमचा काकांच्या तोंडापर्यंत नेला. थोडं चादरीवर सांडलं.

काकांनी घास गिळला. "खाणीचा रस्ता उघडला म्हणतात. खरं का?"

आईचा हात तिथेच थांबला.

"काल जाऊन आले, काका. वरपर्यंत. उघडा आहे."

"मग मला लवकर घरी न्या. वखारीतून आणलेल्या फळ्या उन्हात टेकवल्यात. वाकून बसल्या असतील एव्हाना." मग हातांकडे पाहून म्हणाले, "कोणाकडून तरी करून घेईन. सांगायला तोंड आहे."

डॉक्टर म्हणाले, सोमवारी सोडू. त्यांची गाडी अजून खाणीतच पडून आहे, चालू होत नाही. मी म्हटलं, नणंदबाईची घेऊन येते, मीच चालवीन. काकू आणि काका मागे आरामात बसतील.

आईनं चादरीवरचं पुसलं, वाटी खाली ठेवली आणि आठवड्यात पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

"मी पुढे बसते," म्हणाली. "तुझ्याजवळ."